पुरू गुरगुरला नाही

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. गौरीपूजनाचा दिवस, दुपारचे साडेतीन झाले असतील. हॉलमध्ये हळदीकुंकवाच्या बायका, गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा ताशा, आणि मी स्वयंपाकघरात अत्तरदाणी शोधत होते. तेवढ्यात आतल्या खोलीतून भाचीची किंकाळी आली. पाच वर्षांची पोर ती. दिवाणाखालून सरपटत बाहेर आली तेव्हा एका मुठीत पुरणपोळीचा तुकडा होता आणि डाव्या गालावरून रक्त ओघळत होतं. पुरू दिवाणाखाली भिंतीला चिकटून बसला होता. तो भुंकला नव्हता, गुरगुरलाही नव्हता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या व्हरांड्यात श्वानदंशाचं पोस्टर कित्येक वर्षं लावलेलं आहे, येताजाता वाचून पाठ झालेलं: साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. डोकं चालायच्या आधी हात चालले. तिला उचललं आणि मोरीतल्या नळाखाली धरलं. ती ओरडतेय, नणंद रडतेय, सासूबाई हळदीचा डबा घेऊन आल्यात. सांगलीत हळदीला काय तोटा! कुणी म्हणालं, लाल तिखट भरा, विष उतरतं. कुणी चुना सुचवला. मी डबा बाजूला सारला आणि घड्याळाकडे बघत पाणी सोडत राहिले. त्या दिवशी आमच्या घरात धड झालेली गोष्ट ही एवढीच.

सिव्हिलमध्ये डॉक्टरांनी जखम पाहिली. गालाच्या हाडाखाली एक भोक, जबड्याजवळ दुसरं, मध्ये ओरखडा. कातडी फुटून रक्त आलंय म्हणजे जखम तिसऱ्या वर्गातली, नुसत्या लशीवर भागत नाही, असं ते म्हणाले. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजशी लढणारी तयार प्रतिपिंडं, जखमेतच टोचायचं असतं. वजनावरून डोस काढला, आणि त्या एवढ्याशा गालात सुई जाताना मी तिचं डोकं धरून ठेवलं होतं. टाके लगेच घालणार नाही म्हणाले. लशीच्या तारखा कागदावर लिहून दिल्या: १, ४, ८ आणि २९ सप्टेंबर. मग विचारलं, ‘‘कुत्र्याची लस झालीय का?’’

पुरूचं कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. शेवटची रेबीजची लस एप्रिल २०२४ची. २०२५ची राहून गेली होती. दर वर्षी द्यायची असते हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. परीक्षा, मग लग्नसराई, मग उन्हाळा, असं करत राहून गेली. डॉक्टरांच्या मते ती झाली असती तरी पोरीचे डोस चुकले नसते. मला मात्र तेवढ्यानं हलकं वाटलं नाही.

‘‘कुत्रा घरचाच आहे ना? मग दहा दिवस बांधून ठेवा, लक्ष ठेवा. मारू नका आणि सोडूही नका.’’ चावताना कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल, तर दहा दिवसांच्या आत कुत्रा आजारी पडतोच आणि मरतो. दहा दिवस धडधाकट राहिला, तर त्या चाव्यातून रेबीजची भीती नाही. ११ सप्टेंबरपर्यंत त्याचं जिवंत राहणं हीच भाचीची तपासणी होती. त्या रात्री निर्णय घ्यायची मुभा असती, तर आम्ही काय केलं असतं ते सांगायला नको.

घरी आलो तर पुरणाचं ताट तसंच. माहेरवाशीण म्हणून गौर येते, तिला आपण तीन दिवस मिरवतो. आणि आमची खरी माहेरवाशीण संध्याकाळीच पोरीला घेऊन कोल्हापूरला निघून गेली. नंदेचे यजमान माणूस शांत. जाताना ह्यांना एवढंच म्हणाले, ‘‘दादा, तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही.’’ त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता पुरूविषयी. तो आमच्याकडे आला २०१९च्या महापुरात. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती आणि गावभागात घरं पाण्यात होती. जेवणाची पाकिटं वाटायला गेलेला माझा नवरा एका रात्री रेनकोटाच्या आत काहीतरी घेऊन आला. चिंब, थरथरणारं, मुठीएवढ्या तोंडाचं गावठी पिल्लू. पुरात सापडला म्हणून पुरू. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘‘हे घरात नको’’, आणि तिसऱ्या दिवशी त्याला दूधभात कालवत होत्या. माझा मुलगा अथर्व तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोघं एकत्रच वाढले.

गौरीपूजनाच्या रात्री आम्ही चौघं बसून बोलायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की ‘पुरू पहिल्यांदाच चावला’ हे आम्ही स्वतःलाच सांगत होतो. २०२३मध्ये त्यानं सिलिंडरवाल्याची पँट फाडली होती. आम्ही पँटचे पैसे दिले आणि ‘राखणदार आहे आमचा’ म्हणून हसलो. २०२४च्या पावसाळ्यात कानात औषध घालताना त्यानं अथर्वच्या मनगटात दात रोवले, रक्तही आलं. तेव्हा अथर्वला डॉक्टरकडे नेलं नाही. घरचाच कुत्रा, औषधानं चिडला, असं म्हणून सोडून दिलं. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

पुढच्या आठवड्यात सल्ल्यांचा महापूर. नेमकं त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचं दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांवरचं प्रकरण गाजलेलं. ११ तारखेला त्यांना उचलून निवाऱ्यात ठेवायचा आदेश, २२ तारखेला त्यात बदल. त्यामुळे गल्लीत जो तो कायदेपंडित झालेला. तो आदेश भटक्यांबद्दल आहे, पाळीव कुत्र्याची जबाबदारी सर्वस्वी पाळणाऱ्याची, हे शेजारच्या वकीलकाकांनी समजावलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ही त्यांनीच दाखवलं: आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा संभवत असताना पुरेशी खबरदारी घेण्यात हयगय केली, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जावयांनी तक्रार केली नाही, करणारही नव्हते. तरी ते कलम वाचताना ‘हयगय’ या शब्दापाशी मी थांबले. सिलिंडरवाला, मनगट, चुकलेली लस, असा सगळा हिशेब माझ्याकडे तयारच होता.

सगळ्यांत सोपा वाटलेला मार्ग शेताचा. सासूबाईंचं माहेर तासगावकडे, द्राक्षबागवाले. मामेसासऱ्यांनी फोनवर लगेच सांगितलं, ‘‘आणून सोड की इकडं. बागेत मोकळा हिंडंल.’’ नवरा जवळजवळ तयार झाला होता. मीही. सासूबाईंनीच मोडता घातला. त्या बागेत वाढलेल्या. म्हणाल्या, ‘‘आता महिन्याभरात छाटणी लागेल. मजुरांची बिऱ्हाडं येतील, लेकरं बांधावर टाकून बाया कामाला जातील. तिथं चावला म्हणजे? त्यांच्या लेकराला सिव्हिलला कोण नेणार, आणि चार डोसांना रोजगार बुडवून कोण येणार?’’ कुणी काही बोललं नाही. ‘शेतावर सोडला’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलेय. त्या कुत्र्यांचं पुढं काय झालं आणि ती कुणाला चावली, हे मी एकदाही विचारलेलं नव्हतं.

दोन ठिकाणी प्राण्यांच्या निवाऱ्यांना फोन केले. कुत्रा चावरा आहे हे सांगेपर्यंत बोलणं गोड होतं. जागा नाही म्हणाले, आणि खोटंही नसेल ते. न सांगता द्यायचा सल्ला एकानं दिला, तो ऐकून फोन ठेवला. लांब नेऊन सोडणं तर प्रश्नातच नव्हतं. पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाच आहे. कायदा नसता तरी रेनकोटातून आणलेलं पिल्लू हायवेला सोडून माझा नवरा परत गाडी चालवू शकला नसता.

राहता राहिलं इंजेक्शन. हा शब्द घरात कुणी उच्चारत नव्हतं. अथर्वनं उच्चारला. दहावीचं पोर, पुस्तकातून मान वर न करता म्हणालं, ‘‘मारणारच असाल तर मला आधी सांगा. क्लासला गेल्यावर नको.’’

अकरावा दिवस उजाडला. पुरू खात होता, पाणी पीत होता, शेपूट हलवत होता. कोल्हापूरला फोन केला. नणंद बराच वेळ काही बोलली नाही, मग ‘बरं’ म्हणाली.

त्याच दिवशी पुरूला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मी मनाची तयारी करून गेले होते की ते एकतर ‘द्या सोडून’ म्हणतील किंवा ‘प्रेम कमी पडतंय’ म्हणतील. त्यांनी वही काढली आणि सगळ्या चाव्यांची उलटतपासणी घेतली. कुठे, किती वाजता, त्याच्याजवळ काय होतं, किती वेळा दात लावले, सोडलं कसं. इयान डनबार नावाच्या प्राणिवैद्यानं चाव्यांच्या सहा पायऱ्या ठरवल्यात, त्या समजावल्या. पहिलीत नुसतं अंगावर येणं, दात लागत नाहीत. दुसरीत दात लागतात पण कातडी फुटत नाही. तिसरीत भोकं पडतात, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत त्याहून खोल, धरून ठेवलेलं किंवा झिंजाडलेलं. पुढच्या दोन सांगायला नकोत. ‘‘तुमचा तिसरीवर आहे. एकदा चावून त्यानं सोडलं. चौथीवर असता तर मी आत्ता वेगळं बोललो असतो.’’

नसबंदी केल्यावर थंड होतो म्हणतात, असं ह्यांनी काढलं. पुरूची २०२०मध्येच झालीय. भीतीनं किंवा दुखण्यानं चावणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नसतो, असं डॉक्टर म्हणाले.

मग मुसकं बांधून, गुंगी देऊन तोंड तपासलं. वरच्या जबड्यातली उजवीकडची मोठी दाढ उभी चिरलेली, मुळाशी पू. हाडं चघळणाऱ्या कुत्र्यांत ही दाढ अशी हमखास फुटते. रविवारची मटणाची नळी त्याला कौतुकानं कोण द्यायचं? आम्हीच. कानही आतून सुजलेला, जुनाच. म्हणजे महिनोन् महिने त्याचं तोंड ठणकत होतं, आणि मी रोज त्याचे गाल चोळून ‘शोनू’ म्हणत होते.

मला वाटलं, सुटलो. दाढ काढली की संपलं! डॉक्टरांनी तेवढ्यावर थांबू दिलं नाही. ‘‘दुखणं जाईल. पण दात लावला की माणूस लांब जातो हे त्याला कळलंय, ते दाढेबरोबर निघत नाही.’’ आणि मग विचारलं, ‘‘चावायच्या आधी गुरगुरतो का?’’

नवरा अभिमानानं म्हणाला, ‘‘नाही. तशी शिस्त लावलीय त्याला लहानपणापासून.’’

शिस्त अशी होती: पिल्लू असताना ताटलीजवळ गेलं की तो गुरगुरायचा. मग रोजचा पेपर गुंडाळून एक फटका. चार-सहा महिन्यांत गुरगुर बंद. पाहुण्यांसमोर आम्ही त्याच्या ताटलीत हात घालून दाखवायचो. आम्हाला वाटायचं, त्याचा राग गेला. गेला होता फक्त आवाज. ‘जवळ येऊ नको’ हे सांगायचं त्याच्याकडे एकच वाक्य होतं, त्यावर मार पडला, म्हणून ते त्यानं टाकलं. उरले दात.

पुण्याच्या एका प्रशिक्षक बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांनी मोबाइलमधले जुने व्हिडिओ मागवले, वाढदिवसांचे, सणांचे. आणि आमच्याच व्हिडिओंवर आमची शिकवणी घेतली. अथर्वच्या अकराव्या वाढदिवसाचा एक आहे. तो पुरूला मिठी मारून बसलाय, आम्ही सगळे ‘बघ बघ, किती लाड’ म्हणून हसतोय. बाई म्हणाल्या, ‘‘आवाज बंद करा आणि फक्त कुत्रा बघा.’’ पुरू मान वळवतो. जीभ नाकावरून फिरवतो, समोर खायला काही नसताना. जांभई देतो. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतं. आणि शेवटी दगडासारखा थिजतो, श्वाससुद्धा घेत नाही. बावीस सेकंदांत पाच वेळा तो ‘पुरे’ म्हणाला होता. गुरगुर गेल्यावरही तो बोलतच होता, फक्त हळू. मी तो व्हिडिओ रात्री परत तीनदा पाहिला. अजून डिलीट केलेला नाही.

आणि गौरीचा दिवस: सकाळपासून घर भरलेलं, ताशा, दुखती दाढ, लपायला दिवाणाखालचा कोपरा, मागे भिंत, आणि समोरून एक हात तोंडाकडे येतोय. हातात पुरणपोळी आहे हे आपण बघतो. हे सांगून मला त्याची वकिली करायची नाही. गाल भाचीचा फाटला. पण तिथे त्याच्या जागी दुसरा कुठला कुत्रा असता तर चावला नसता, हे मी आता खात्रीनं म्हणू शकत नाही.

निर्णय एका रात्रीत झाला नाही. डॉक्टरांनी आमच्यासमोर ठेवलेल्या गोष्टी साध्या होत्या. चावा किती खोल? कशामुळे चावतो हे आधी ओळखता येतं का? घरात रोज वावरणारं लहान मूल आहे का? आणि तुम्ही रोज, कंटाळा न करता, दारं बंद ठेवाल का? पहिल्या तिन्हींची उत्तरं आमच्या बाजूनं होती. भाची आमच्याच घरात राहत असती, तर मी त्याला ठेवला नसता. हे मी अथर्वसमोर बोलले, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या प्रश्नावर खरी भांडणं झाली, कारण आमच्या घरात दार कुणीच लावत नाही. चोवीस तास येजा.

शेवटी ठरलं ते असं. पुरू राहील. मागची पडवी आणि तिला लागून असलेली खोली त्याची. स्वयंपाकघर आणि पडवीच्या मध्ये ग्रिलवाल्याकडून लोखंडी जाळीचं दार करून घेतलं, आपोआप मिटणारं. आधीचं लाकडी दार आहेच. एक उघडं राहिलं तरी दुसरं मध्ये असलं पाहिजे, हा नियम. घरात लहान मूल येणार असेल, तर ते यायच्या आधी पुरू आत आणि कुलूप. ‘तो काही करत नाही’ हे वाक्य बंद. फिरायला मुसकं घालूनच. नळ्या बंद. खाताना, झोपल्यावर त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि पुन्हा दात रोवले, कुणालाही, तर चर्चा नाही, डॉक्टरकडे जायचं ते शेवटचं. ही शेवटची अट वहीत लिहून चौघांनी सह्या केल्यात. सासूबाईंची सही थरथरलेली आहे.

मुसक्याची गंमत सांगायलाच हवी. दुकानात आधी मिळालं ते कापडी, तोंड घट्ट आवळणारं. त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत, आणि अंगातली उष्णता तर तो धापेवाटेच बाहेर टाकतो. मग टोपलीसारखं जाळीचं मागवलं. तोंड उघडता येतं, पाणी पिता येतं. ते बघून सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, हे तर मळणीला बैलाला घालायचं मुसकं!’’ आणि तिथून सगळा कारभार त्यांनी हातात घेतला. मुसक्याच्या तळाला साय फासायची, समोर धरायचं, तो आपणहून तोंड घालेल तेव्हाच चाटू द्यायचं. बांधायचं नाही. पहिले आठ दिवस नुसतं एवढंच. तीन आठवड्यांनी पट्टा लावला. आता मुसकं खुंटीवरून काढलं की शेपूट हलायला लागतं. रस्त्यावरचे लोक मात्र ‘पिसाळलाय का’ विचारतात. सासूबाई त्यांना ठणकावून सांगतात, ‘‘नाही, चावरा आहे.’’

दाढ लगेच काढता आली नाही. रक्त तपासलं तर गोचीड ताप निघाला, प्लेटलेट कमी. चार आठवडे गोळ्या, मग ऑक्टोबरच्या मध्यावर शस्त्रक्रिया. भीती कमी व्हावी म्हणून फ्लुऑक्झेटिन नावाचं औषध सुरू केलं. त्याचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे जातात हे आधीच सांगितलं होतं, तरी मी तिसऱ्या दिवसापासून परिणाम शोधत होते. खर्चाचा आकडा लिहीत नाही. नवऱ्यानं नवा मोबाइल घ्यायचा रद्द केला एवढं पुरे.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. नणंद आली नाही. ती येणार नाही हे माहीत होतं, तरी सासूबाई सकाळपासून फाटकाकडे बघत होत्या. दुपारी नवराच ओवाळून घ्यायला कोल्हापूरला गेला. भाचीच्या गालावर दोन पांढुरके ठिपके आहेत. तिनं त्याला विचारलं, ‘‘मामा, पुरूचा दात बरा झाला?’’ हे त्यानं मला आल्यावर सांगितलं आणि आंघोळीला म्हणून उठून गेला. नणंदेला मी ‘या ना आता, दार केलंय’ असं एकदाही म्हटलेलं नाही. तिला वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर आम्ही जाऊ.

परवा पाऊस नसताना अवकाळी चिखल झाला होता. टँकर सांडला गल्लीत. पुरूला फिरवून आणलं, मुसकं काढलं आणि पडवीत त्याचे पाय पुसायला बसले. मागचा उजवा पाय हातात घेतला, तशी त्यानं मान वळवली. माझं लक्ष फडक्याकडे. आणि मग आवाज आला. खोल, घशातल्या घशात, जुन्या मिक्सरसारखा. सहा वर्षांत मी तो ऐकलेला नव्हता. हात तिथेच सोडला आणि मागे सरकून बसले.

आतून सासूबाईंनी विचारलं, ‘‘काय झालं गं?’’

‘‘काही नाही,’’ म्हटलं. ‘‘पुरू बोलला.’’